रुग्णसेविका सावित्रीबाई

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव उच्चारताच पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा, हाती पुस्तक घेतलेली शिक्षिका आणि तिच्या पुढ्यात बसलेल्या मुली असे चित्र आपल्या मनात उभे राहते. दरवर्षी ३ जानेवारीला महाराष्ट्रातील शाळाशाळांतून त्यांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण केले जातात, ते आद्य शिक्षिका म्हणून. हा गौरव सर्वथा उचितच आहे. परंतु या थोर मातेच्या जीवनग्रंथाचा अखेरचा अध्याय शाळेच्या वर्गात लिहिला गेला नाही. तो लिहिला गेला पुण्याबाहेरच्या एका माळावर, प्लेगच्या रुग्णांच्या खाटांमध्ये. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी रुग्णांची शुश्रूषा करीत असताना त्याच रोगाने त्यांना गाठले आणि त्यातच त्यांची प्राणज्योत मालवली.

हा प्रसंग आपण बहुधा त्यांच्या त्यागाचा कळस म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. वास्तविक प्लेगच्या साथीत त्यांनी जे केले, ते एखाद्या क्षणाच्या उमाळ्यातून घडलेले नव्हते. त्यामागे चौतीस वर्षांची रुग्णसेवा उभी होती. आपल्या निवासी शाळेतील अनेक मुली आणि आता काही मुलेही परिचर्येच्या अभ्यासक्रमाचा विचार करू लागली आहेत. किनवट-माहूरच्या डोंगरातून आलेल्या काहींच्या मनात तर शिकून पुन्हा आपल्याच पाड्यांवर सेवा करण्याची इच्छा आहे. अशा वेळी सावित्रीबाईंच्या जीवनाचा हा काहीसा दुर्लक्षित पैलू स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवणे औचित्याचे वाटते.

नायगाव ते पुणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी मुलीच्या हाती पुस्तक देणे अधर्म मानला जाई. जोतीरावांनी मात्र आपल्या पत्नीला स्वतः अक्षरे शिकवली. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन १८४८ मध्ये भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत सावित्रीबाई शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला गेला. १८४९ मध्ये या दांपत्याला वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरी त्यांना आश्रय दिला. फातिमा शेख त्यांच्या शिक्षणकार्यातील सहकारी झाल्या. मुलींच्या शाळांपाठोपाठ महार-मांग मुलांसाठीही शाळा निघाल्या. ही सारी हकीकत वाचकांना परिचित असल्याने येथे तिचा विस्तार करीत नाही.

मात्र या काळातील एक कमी परिचित प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. १८५६ मध्ये सावित्रीबाई स्वतः दीर्घकाळ आजारी पडल्या आणि विश्रांतीसाठी माहेरी नायगावला गेल्या. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. आपल्या आजारपणात भावाने अतिशय कष्टाने शुश्रूषा केली आणि त्यामुळे प्रकृती सुधारली, असे त्या त्यात कृतज्ञतेने कळवतात. पुण्यात एकट्या फातिमावर कामाचा किती भार पडत असेल, याचीही त्यांना काळजी वाटते. याच पत्रात त्या भावाशी झालेला वादही सांगतात. महार-मांगांसाठी काम केल्यामुळे तुम्ही दोघे जातीबाहेर गेलात, असा भावाचा आक्षेप होता. आपण शेळी मांडीवर घेतो, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतो, आणि आपल्यासारख्याच माणसांना मात्र अस्पृश्य मानतो, हे कसे, असा प्रतिप्रश्न सावित्रीबाईंनी त्याला केला. ज्या भावाने बहिणीची रात्रंदिवस सेवा केली, त्यालाही अस्पृश्याचा स्पर्श नकोसा वाटत होता. घरातल्या रुग्णाची शुश्रूषा माणूस मायेपोटी करतो. ती माया जातीच्या कुंपणापलीकडे नेणे किती अवघड असते, हे सावित्रीबाईंनी आजारातून उठता उठता आपल्या माहेरीच पाहिले.

मुक्ताचा प्रश्न

त्याच्या एक वर्ष आधी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. धर्माच्या नावाखाली चाललेल्या अन्यायाचा तिने घेतलेला समाचार आजही वाचणाऱ्याला हलवून सोडतो. त्या निबंधात एक जागा अशी आहे, जिथे मुक्ता आपल्या समाजातील बाळंतिणींविषयी लिहिते. त्यांच्या घरावर धड छप्पर नसते, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्यांना बाळंतपण काढावे लागते, हे ती सांगते. अशा वेळी एखादीला रोग जडला, तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून येणार, असे ती विचारते. गरिबांना विनामूल्य औषध देणारा कोणी वैद्य कधी पुढे आला होता काय, हाही तिचा सवाल आहे.

भारतातील एका दलित मुलीने सार्वजनिक आरोग्याविषयी विचारलेला हा आरंभीचा प्रश्न मानावा लागेल. ज्या शाळेने मुक्ताला अक्षर दिले, त्या शाळेच्या शिक्षिका सावित्रीबाई होत्या. पुढील चार दशकांत त्यांनी जे काही केले ते पाहू लागलो, की जणू या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला त्या आपल्या कृतीने उत्तर देत गेल्या असे वाटल्यावाचून राहत नाही.

गंज पेठेतील प्रसूतिगृह

रुग्णसेवेचा त्यांचा प्रत्यक्ष आरंभ १८६३ मध्ये झाला. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा फसवली जाऊन गरोदर राहिली. लोकलज्जेपोटी तिने आपले अर्भक मारले आणि न्यायालयाने तिला जन्मठेपेची शिक्षा देऊन अंदमानला पाठवले. या घटनेने जोतीराव आणि सावित्रीबाई व्यथित झाले. त्यांनी आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. कोणत्याही विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा येथेच ठेवावे, अशी त्याची जाहीर सूचना होती.

या गृहाची कल्पना जोतीरावांच्या नावाने ओळखली जाते. परंतु तेथील रोजचे काम कोणते होते, याचा विचार केला म्हणजे ते कोणाच्या हातून झाले हे वेगळे सांगावे लागत नाही. रात्री-अपरात्री दारावर थाप पडली की भेदरलेल्या तरुणीला आत घ्यायचे, तिला धीर द्यायचा, वेणा सुरू झाल्या की जवळ बसायचे, नाळ कापण्यापासून बाळंतिणीचे शेकशेगडी, न्हाऊमाखू, खाणेपिणे सारे पाहायचे. बाळंतिणीचा विटाळ दहा-दहा दिवस पाळणाऱ्या त्या समाजात परक्या जातीच्या स्त्रीचे बाळंतपण घरात काढणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

हे काम यशाच्या आनंदापेक्षा दुःखाचेच अधिक होते. १८८४ च्या अखेरीस जोतीरावांनी लिहून ठेवलेल्या माहितीनुसार तोवर ३५ गरोदर विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी केवळ ५ जिवंत राहिली. गर्भ लपवण्यासाठी त्या स्त्रियांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्या अर्भकांचा बळी घेतला होता. तीस वेळा निष्प्राण किंवा मरणासन्न बालक हाती घेणे, तीस वेळा त्याच्या आईला सावरणे, आणि तरीही दार उघडे ठेवणे हे वाटते तितके सोपे नाही. परिचर्येच्या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ही संख्या लक्षात ठेवावी. शुश्रूषेला दरवेळी यश येतेच असे नाही. जिथे प्राण वाचत नाहीत तिथेही आईचा हात धरून बसणे हे सेवेचेच काम असते.

अशाच एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला १८७४ मध्ये फुले दांपत्याने दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. त्याला त्यांनी वाढवले, शिकवले आणि डॉक्टर केले. मुक्ताने ज्या वैद्याची वाट पाहिली होती, तो असा त्यांच्या स्वतःच्या घरात घडला.

दुष्काळात

१८७६-७७ मध्ये दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. गुरे तडफडून मेली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून निघाली. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणी मदतकार्य सुरू केले. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूर येथे गेल्या आणि तेथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना परिस्थितीचे वर्णन कळवले. अन्नपाण्यावाचून तडफडणारी माणसे आणि जनावरे, पाने-फुले खाऊन दिवस काढणारे लोक, आटलेले जलाशय हे सारे त्या पत्रात आहे. पुण्याजवळ धनकवडी येथे याच वर्षी दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उघडण्यात आला. हजाराच्या घरातील मुलांना तेथे भाकरी मिळत असे.

उपासमारीने खंगलेल्या मुलाला अन्न देणे हेही शुश्रूषेचे काम आहे. आज आपल्या आरोग्यसेविका आणि अंगणवाडीच्या ताई कुपोषित बालकाचे वजन करतात, दंडाचा घेर मोजतात, आहार ठरवून देतात. त्या काळी मोजमापे नव्हती. परंतु आजाराचे मूळ पुष्कळदा भुकेत असते, हे त्या माउलीने ओळखले होते.

पतीच्या उशाशी

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचे उजवे अंग लुळे पडले. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. परंतु पक्षाघाताच्या रोग्याचे खरे जीवन औषधाच्या मात्रेपेक्षा रोजच्या देखभालीवर चालते. त्याला उठवणे-बसवणे, कूस बदलणे, भरवणे, अंग पुसणे आणि मनाने खचू न देणे, हे काम दोन वर्षांहून अधिक काळ घरात चालू होते. हाती पैसा नव्हता. अशा स्थितीत जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पूर्ण केले. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर नाव एकाचेच आहे. पण त्या लेखणीला बळ देणाऱ्या शुश्रूषेचे मोल इतिहासाने कधी मोजले नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या मानावरून नातलगांनी वाद उपस्थित केला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे झाल्या. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली आणि १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले. यशवंतरावांची पत्नी राधा ही त्यांची लाडकी सून. १८९५ मध्ये तीही अकाली मरण पावली. एवढे आघात पचवलेल्या साठीपलीकडच्या स्त्रीने उरलेले दिवस विश्रांतीत घालवले असते, तर कोणी तिला दोष दिला नसता.

प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाहता पाहता साथ पुण्यात पोहोचली. प्रथम घरातील उंदीर पटापट मरून पडत. मग माणसाला सडकून ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ उठे, ग्लानी चढे आणि थोड्याच दिवसांत बहुतेक रुग्ण दगावत. लोक गावठाण सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागले. भीती इतकी दाटली की सख्खे नातलग रुग्णाला टाकून पळाले.

त्या वेळी वैद्यकशास्त्राच्या हाती काय होते, हे समजून घेतले पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच ओळखला गेला होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हा शोध पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये लावला. हाफकिन यांनी आपली लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःवर टोचून पाहिली होती; ती अद्याप सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली नव्हती. रोगावर रामबाण ठरतील अशी औषधे येण्यास आणखी अर्धे शतक लागणार होते. म्हणजे १८९७ च्या आरंभी प्लेगच्या रुग्णासाठी डॉक्टर जे करू शकत होते, ते फार थोडे होते. ताप चढला की कपाळावर ओली घडी ठेवणे, घशाखाली घोटभर पाणी आणि पेज उतरवणे, घाणीने भरलेले कपडे बदलणे, गाठ फुटली तर जखम स्वच्छ करणे, वातात बडबडणाऱ्याला धरून ठेवणे हाच खरा उपचार होता. रोगी जगला तर तो शुश्रूषेने जगे. आणि ती शुश्रूषा करण्यासाठी त्याला कोणीतरी स्पर्श करणे आवश्यक होते.

येथेच महारवाडे आणि मांगवाडे यांचे दुःख इतरांहून वेगळे होते. निरोगी असतानाही ज्यांना कोणी शिवत नसे, त्यांना प्लेग झाल्यावर कोण शिवणार? सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. मार्चच्या मध्यापासून रँड यांच्या अधिकाराखाली पुण्यात सोल्जरांची घरझडती सुरू झाली आणि त्यातून संतापाचा भडका उडाला. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेगचा इतिहास म्हटला की एवढाच भाग ठळकपणे सांगितला जातो. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मरणाऱ्यांची कहाणी त्यात क्वचितच येते.

सावित्रीबाईंनी या वस्त्यांकडे धाव घेतली. यशवंतराव तेव्हा लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. आईने त्यांना बोलावून घेतले आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ सासणे यांच्या माळावर त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला. मुलगा औषधोपचार पाही आणि आई रुग्णांना आणण्यापासून त्यांच्या शुश्रूषेपर्यंतचे काम सांभाळी. याच सुमारास, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, त्यांचे ज्येष्ठ सत्यशोधक सहकारी आणि कामगार चळवळीचे अध्वर्यू नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगग्रस्तांची सेवा करताना त्याच रोगाने मृत्यू पावले. हे काम माणसाला कोठे नेऊ शकते, हे सावित्रीबाईंना पुरते ठाऊक होते. तरीही त्या थांबल्या नाहीत.

मुंढवा येथील महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे त्यांना कळले. त्या तेथे गेल्या. मुलाला पाठीवर घेतले आणि सासणे माळावरील दवाखान्यापर्यंत आणले. पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. यशवंतरावांनीही पुढे प्लेगच्या साथीत सेवा केली आणि १९०५ मध्ये त्याच रोगाने त्यांचाही बळी घेतला.

ज्या हातांनी त्यांनी उच्च म्हणवणाऱ्या जातीतील विधवेचे बाळंतपण केले, त्याच हातांनी महारवाड्यातील मुलाला पाठीवर घेतले. जातीची उतरंड त्यांनी वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी, स्पर्शाने मोडली. मुक्ताने आपल्या निबंधात विचारलेल्या प्रश्नाला बेचाळीस वर्षांनी मिळालेले उत्तर ते हेच.

बुद्धाची शिकवण

आपल्या विद्यार्थ्यांना विनयपिटकातील एक कथा ठाऊक असेल. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. त्यांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवले. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असा त्यानंतरच्या उपदेशाचा आशय आहे.

याच ग्रंथात उत्तम रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय पथ्यकर आणि काय अपथ्यकर हे कळावे. त्याने लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीभावाने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, वांती यांची त्याला किळस येऊ नये. आणि धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे. यांतील पहिले दोन गुण ज्ञानाचे, पुढचे दोन शीलाचे आणि शेवटचा वाणीचा. आजच्या परिचर्या महाविद्यालयात जे शिकवतात, त्याचा गाभा याहून फार वेगळा नाही. सावित्रीबाई सत्यशोधक होत्या. त्यांनी आपले काम या सूत्रांवरून बेतले असे म्हणता येणार नाही; पण या पाच कसोट्यांना त्यांचे जीवन उतरते, हे उघड आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना गुरुस्थानी मानले, त्यामागचा धागा येथेही दिसतो.

आपल्या परिसरासाठी

सावित्रीबाई गेल्या तेव्हा नांदेड आणि लातूर हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर येथे शिक्षणाची आणि आरोग्याची दारे हळूहळू उघडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमींच्या उशाशी रात्रंदिवस उभ्या राहिलेल्या परिचारिकांना लातूरकर विसरलेले नाहीत. आज नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरीही पैनगंगेच्या काठाने किनवट-माहूरच्या डोंगरात शिरले की गोंड, कोलाम, आंध, परधान, नाईकडा या आदिवासी समाजांच्या वस्त्यांत मुक्ताचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात कोण नेणार? सिकलसेलच्या रुग्णाला नेमाने गोळ्या कोण देणार? महाराष्ट्रात ज्या तीन समाजांची आदिम जमाती म्हणून नोंद आहे, त्यांत कोलाम आहेत. त्यांच्या पोडावर नियमित कोण जाणार?

शासनाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असते, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे. या उपकेंद्रात डॉक्टरआधी भेटते ती आरोग्यसेविका. तिला गोंडी किंवा कोलामी येत असेल तर पोटदुखी नेमकी कोठे आहे, ताप किती दिवसांचा आहे, हे म्हातारी तिला मोकळेपणाने सांगते. दुभाष्यामार्फत सांगताना तीच म्हातारी अर्ध्याहून अधिक गिळून टाकते. म्हणून या वस्त्यांना बाहेरून आलेल्या सेवाभावी माणसांची जेवढी गरज आहे, त्याहून अधिक गरज तेथेच जन्मलेल्या, शिकलेल्या आणि परतण्याचा निश्चय केलेल्या मुलामुलींची आहे. दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असे या क्षेत्राचे मार्ग आहेत. विज्ञानाचा पाया पक्का असेल तर आपल्या शाळेतील कोणाही विद्यार्थ्याला ते दूर नाहीत.

काही पालकांना अजूनही हे काम हलके वाटते. रात्रपाळी करावी लागते, परक्याच्या देहाला हात लावावा लागतो, घाण काढावी लागते, असे ते म्हणतात. मुलाने नर्सिंगला जायचे म्हटले तर शेजारीपाजारी हसतात. दवाखान्यात त्यांना ‘ब्रदर’ म्हणून सन्मानाने हाक मारली जाते, हे त्यांना ठाऊक नसते. या पालकांना सावित्रीबाईंची हकीकत शांतपणे सांगावी. ज्या कामाला आपण हलके म्हणतो, ते त्यांनी आपल्या घरात आरंभिले आणि त्यातच देह ठेवला.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. सावित्रीबाईंचा मृत्यू आदरणीय आहे. पण सेवा करणाऱ्याने मरावेच लागते, असा त्याचा अर्थ नाही. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे ज्ञान त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने आले. हातमोजे, मुखपट्टी, लस, जंतुनाशक, हात धुण्याची शास्त्रशुद्ध पद्धत ही आजच्या परिचारिकेची साधने त्यांच्यापाशी नव्हती. ती वापरणे म्हणजे रुग्णाला दूर लोटणे नव्हे. त्यामुळे आपण उद्याही त्याच्या उशाशी उभे राहू शकतो. रात्री पाठ केलेला शरीरशास्त्राचा धडा आणि प्रयोगशाळेत शिकलेला जंतूंचा पाठ या दृष्टीने सेवेचीच तयारी आहे.

येत्या ३ जानेवारीला त्यांच्या प्रतिमेपुढे आपण उभे राहू, तेव्हा १० मार्च हीही तारीख ध्यानी असावी. शिक्षिका सावित्रीबाईंचे ऋण आपण शिकून फेडत आहोत. रुग्णसेविका सावित्रीबाईंचे ऋण फेडण्यासाठी या शाळेतून शिकलेली एखादी मुलगी किंवा मुलगा पांढरा गणवेश घालून, खांद्याला औषधांची पेटी लावून, पावसाळ्यात ओढा उतरून कोलामपोडावरच्या बाळंतिणीपाशी वेळेवर पोहोचला पाहिजे. तो दिवस या संस्थेच्या वाटचालीतील मोठ्या मानाचा दिवस ठरेल.